पाच सामने हरलेला संघ विजेता कसा? कॉलेज फुटबॉल, कॉन्फरन्स आणि न्यायाचा प्रश्न

प्रश्न आधी थोडक्यात. विचारणारा विद्यार्थी एम.एस.साठी डरहॅमला, ड्यूक विद्यापीठात आला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये ड्यूकच्या (अमेरिकन) फुटबॉल संघाने एसीसी (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) या कॉन्फरन्सचं, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचं, विजेतेपद जिंकलं. त्या हंगामात ड्यूक पाच सामने हरला होता. मायामी फक्त दोन हरला होता, तरी त्याला कॉन्फरन्सचा अंतिम सामना खेळायलाच मिळाला नाही. विद्यार्थी लिहितो: "आनंद झालाच, पण माझा रूममेट मायामीचा आहे आणि तो म्हणतो की हे विजेतेपद न्याय्य नाही. त्याला काय उत्तर देऊ? आणि याहून न्याय्य पद्धत असू शकते का?"

नमस्कार. मी मूळची सांगलीची, गेली १९ वर्षं ओहायोत कोलंबसला राहते. पेशाने संख्याशास्त्रज्ञ आहे. शाळांच्या आणि हौशी लीगची वेळापत्रकं बसवणं आणि गुण सारखे झाले तर कोण पुढे जाणार याचे नियम लिहिणं हे माझं काम. सॉकर, सॉफ्टबॉल, व्हॉलीबॉल आणि शनिवार-रविवारचं क्रिकेट, ज्यात निम्मे खेळाडू आपलेच असतात. विद्यापीठांच्या मोठ्या फुटबॉलचं काम मी केलेलं नाही, पण कोलंबसमध्ये राहून तो खेळ मनापासून न पाहणं अवघड आहे. आणि गणिताची अडचण दोन्हीकडे एकच आहे.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक, नियम पाळले गेले का? दोन, त्या नियमांना निकाल लावायला पुरेशी माहिती मिळाली होती का? पहिल्याचं उत्तर स्पष्ट 'हो' आहे. दुसऱ्याचं माझ्या मते 'नाही' आहे, आणि सगळं दुखणं तिथेच आहे. लोक टायब्रेकरवर, म्हणजे बरोबरी सोडवण्याच्या नियमावर चिडतात. मी वेळापत्रकाकडे बोट दाखवते.

एसीसीत १७ संघ आहेत. स्टॅनफर्ड, कॅल (कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली) आणि एसएमयू (सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ) २०२४ मध्ये आले तेव्हापासून. १७ संघांच्या जोड्या होतात १३६. २०२५ मध्ये प्रत्येक संघ कॉन्फरन्समधले ८ सामने खेळला, म्हणजे एकूण ६८ सामने. १३६ पैकी ६८, बरोबर निम्म्या जोड्या. उरलेल्या निम्म्या जोड्या समोरासमोर आल्याच नाहीत. आपण साखळी स्पर्धा म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर येतं ते 'प्रत्येक जण प्रत्येकाशी' असं चित्र. इथे साखळीच्या निम्म्या कड्या गायब आहेत, आणि तरीही शेवटी १७ संघांची एकच क्रमवारी लावून वरचे दोन संघ अंतिम सामन्याला पाठवायचे असतात.

त्यातही एक गंमत घडली. सप्टेंबरमध्ये व्हर्जिनिया आणि एनसी स्टेट (नॉर्थ कॅरोलायना स्टेट) खेळले आणि व्हर्जिनिया ३५-३१ असा हरला. दोन्ही संघ एसीसीचेच, पण तो सामना वेळापत्रकात कॉन्फरन्सबाहेरचा म्हणून नोंदवलेला होता. त्यामुळे क्रमवारीत तो मोजला गेला नाही. व्हर्जिनिया ७ विजय, १ पराभव घेऊन पहिला आला आणि अंतिम सामन्याची पहिली जागा त्याला मिळाली. मैदान तेच, गणवेश तेच, निकाल मात्र हिशेबात नाही. हे लपूनछपून झालेलं नाही, आधीपासून जाहीर होतं. तरी तुमच्या रूममेटला कुठे खुपतंय ते इथेच कळायला लागतं.

आता दुसरी जागा. कॉन्फरन्समधल्या सामन्यांत ६ विजय आणि २ पराभव अशा बरोबरीत पाच संघ होते: ड्यूक, मायामी, जॉर्जिया टेक, पिट्सबर्ग आणि एसएमयू. एसएमयूने शेवटच्या आठवड्यात कॅलला हरवलं असतं तर हा गुंता झालाच नसता. पण एसएमयू ३८-३५ असा हरला. पाच संघांच्या आपसात १० जोड्या होतात. त्यातले किती सामने झाले होते? फक्त चार. एसएमयूने मायामीला हरवलं, मायामीने पिट्सबर्गला, पिट्सबर्गने जॉर्जिया टेकला आणि जॉर्जिया टेकने ड्यूकला. चार सामने म्हणजे एक सरळ ओळ झाली, वर्तुळसुद्धा पूर्ण झालं नाही. एवढ्यावर आपसातल्या सामन्यांचा नियम लावता येत नव्हता.

पुढचा निकष समान प्रतिस्पर्ध्यांचा. पाचही संघ ज्याच्याशी खेळले असा संघ एकच निघाला, सिरॅक्यूज. सिरॅक्यूज त्या वर्षी तळाला होता आणि पाचही जणांनी त्याला हरवलं होतं. म्हणजे हाही निकष कोरडा.

मग आला तो निकष ज्याने ड्यूकला पुढे नेलं: कॉन्फरन्समधल्या तुमच्या आठ प्रतिस्पर्ध्यांनी मिळून किती सामने जिंकले? मी हा हिशेब वहीवर करून पाहिला. तुम्हीही करा, पाच मिनिटांचं काम आहे. ड्यूकच्या आठ प्रतिस्पर्ध्यांचे विजय मिळून ३२ होतात, ६४ पैकी. मायामी आणि जॉर्जिया टेक यांचे २८. एसएमयू आणि पिट्सबर्ग यांचे २७. ड्यूक स्पष्टपणे पुढे. अंतिम सामना ६ डिसेंबरला शार्लटमध्ये झाला, ड्यूकने जादा वेळेत २७-२० असा जिंकला आणि १९६२ नंतर पहिल्यांदा एसीसीचं निर्भेळ विजेतेपद मिळवलं. १९८९ चं विजेतेपद त्यांनी वाटून घेतलं होतं, तेही नेमकं व्हर्जिनियाशीच.

या ३२ आणि २८ वर थोडं थांबू या, कारण माझ्या कामात हा आकडा फार वेळा येतो आणि फार वेळा चुकीचा वाचला जातो. त्यामागचा विचार रास्त आहे. दोन विद्यार्थ्यांना सारखेच गुण मिळाले आणि एकाचा पेपर अवघड होता, तर अवघड पेपरवाला सरस मानायला हरकत नाही. काही जण असा आक्षेप घेतात की प्रतिस्पर्ध्यांना तुम्हीच हरवता, मग त्यांचे विजय तुम्हीच कमी करता. बरोबरीत हा आक्षेप टिकत नाही. पाचही संघांनी आपल्या प्रतिस्पर्ध्यांना ६ पराभव आणि २ विजय दिलेत, त्यामुळे तो परिणाम सगळ्यांना सारखाच.

खरी अडचण वेगळी आहे. ड्यूकच्या ३२ पैकी ७ विजय एकट्या व्हर्जिनियाचे आहेत. नोव्हेंबरमध्ये ड्यूक त्याच व्हर्जिनियाशी ३४-१७ असा हरला होता. उरलेले चारही संघ व्हर्जिनियाशी खेळलेच नव्हते. व्हर्जिनियाच्या जागी ड्यूकच्या वाट्याला एखादा मध्यम, ४ विजयांचा संघ आला असता तर बेरीज झाली असती २९. तरी ड्यूकच पुढे राहिला असता, पण एका विजयाच्या फरकाने. आणि तो विजय कोणाचा? ड्यूकचा नाही, मायामीचाही नाही. कुठल्या तरी तिसऱ्याने चौथ्याला कुठल्या तरी शनिवारी हरवलेलं. कोण कोणाशी खेळणार हे एसीसीने ऑक्टोबर २०२३ मध्येच सात हंगामांसाठी ठरवून टाकलं होतं. म्हणजे आपला पेपर अवघड असेल की सोपा, हे खेळाडूंपैकी कोणाच्याच हातात नव्हतं.

आता याच पाच संघांना दुसरे रास्त नियम लावून पाहा. आपसातल्या सामन्यांची छोटी गुणतालिका केली तर एसएमयू पहिला येतो (एक सामना, एक विजय) आणि ड्यूक शेवटचा (एक सामना, एक पराभव). पूर्ण हंगामाची कामगिरी धरली तर १० विजय, २ पराभवांचा मायामी पहिला. वेळापत्रकाचा अवघडपणा धरला तर ड्यूक. तीन नियम, तिन्हींची बाजू प्रामाणिकपणे मांडता येते, आणि तीन वेगळी उत्तरं. माझ्या कामात असं दिसलं की मी समजते, खेळाने अजून निकाल दिलेला नाही, निकाल नियम देतोय. जिथे एका संघाचा वरचष्मा खरोखर असतो तिथे कुठलाही शहाणा नियम लावा, तोच संघ वर येतो.

आपल्याला हे अनोळखी वाटू नये. २०१९ च्या क्रिकेट विश्वचषकात पाकिस्तान आणि न्यूझीलंड दोघांचे ११ गुण झाले. पाकिस्तानने न्यूझीलंडला हरवलं होतं, तरी नेट रनरेटवर न्यूझीलंड उपांत्य फेरीत गेला. आणि आयपीएलमध्ये २०२२ पासून १० संघ आहेत, प्रत्येकाचे १४ सामने, पण पाच संघांशी दोनदा आणि चार संघांशी एकदाच. तिथेही प्रत्येकाचा पेपर थोडा वेगळाच असतो. फरक एवढाच की तिथे प्रत्येक जोडी निदान एकदा तरी भेटते.

तुम्ही म्हणाल, मग प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळावं, प्रश्न मिटला. नाही मिटत, आणि याचं सगळ्यात बोलकं उदाहरण २००८ चं आहे. बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सच्या दक्षिण विभागात सहा संघ होते आणि ते सगळे एकमेकांशी खेळायचे. ११ ऑक्टोबरला डॅलसमध्ये टेक्ससने ओक्लाहोमाला ४५-३५ असं हरवलं. १ नोव्हेंबरला लबकमध्ये टेक्सस टेकने टेक्ससला ३९-३३ असं हरवलं, शेवटचा सेकंद उरला असताना मायकल क्रॅबट्रीने झेल घेऊन टचडाउन केला. २२ नोव्हेंबरला नॉर्मनमध्ये ओक्लाहोमाने टेक्सस टेकचा ६५-२१ असा धुव्वा उडवला. तिघांचा कॉन्फरन्समध्ये एकेकच पराभव, तोही एकमेकांकडूनच. पूर्ण वर्तुळ.

आधीचे निकष संपल्यावर नियम म्हणत होता की बीसीएस क्रमवारीत जो वर तो पुढे. ही क्रमवारी प्रशिक्षकांची मतं, आणखी एक मतदान आणि संगणकी सूत्रं यांच्या मिश्रणातून निघायची. ओक्लाहोमा दुसरा आला, टेक्सस तिसरा, फरक अगदी बारीक. ओक्लाहोमा अंतिम सामन्याला गेला, तिथे मिसूरीला ६२-२१ हरवलं आणि थेट राष्ट्रीय अंतिम सामना खेळला. तिथे फ्लोरिडाने त्याला हरवलं. ज्या टेक्ससने ओक्लाहोमाला हरवलं होतं तो या दोन्ही अंतिम सामन्यांबाहेर राहिला. तेव्हा एसईसी कॉन्फरन्सचा नियम वेगळा होता: तिघांच्या बरोबरीत क्रमवारीतले वरचे दोन संघ पाच स्थानांच्या आत असतील तर त्या दोघांच्या आपसातल्या सामन्याने निकाल लावायचा. तोच नियम इथे असता तर टेक्सस गेला असता. पुन्हा तेच: मैदानावरचे निकाल तेच, कागद बदलला की नाव बदललं.

टेक्सस टेकच्या लोकांचं मला जास्त वाईट वाटतं. वादात सगळे ४५-३५ चा आकडा घेऊन टेक्ससची बाजू मांडत होते, पण टेकने टेक्ससला हरवलं होतं हे कोणी फारसं बोलत नव्हतं. वर्तुळातल्या तिघांनाही सारखाच हक्क असतो. अशा ठिकाणी विजेतेपद वाटून देणं मला सगळ्यात खरं वाटतं. आयव्ही लीग हेच करत आली. आठ संघ, प्रत्येकाचे सात सामने, सगळे सगळ्यांशी. २०२४ मध्ये हार्वर्ड, डार्टमथ आणि कोलंबिया तिघे ५ विजय, २ पराभवांवर थांबले आणि तिघेही विजेते ठरले. कोलंबियाला तो मान १९६१ नंतर पहिल्यांदा मिळाला. तिथल्या खेळाडूंना तो मान अर्धामुर्धा वाटला असेल असं मला वाटत नाही.

पण वाटून देण्याची सोय कायम राहत नाही, कारण पुढच्या फेरीत पाठवायला एकच नाव लागतं. २०१४ मध्ये बेलर आणि टीसीयू (टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठ) बरोबरीत आले. बेलरने टीसीयूला ६१-५८ असं हरवलं होतं, तरी बिग ट्वेल्व्हने दोघांना संयुक्त विजेते जाहीर केलं. राष्ट्रीय प्लेऑफच्या, म्हणजे देशाचा विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीच्या, चार जागांपैकी एकही दोघांना मिळाली नाही. चौथी जागा गेली ओहायो स्टेटला, ज्याने आपल्या कॉन्फरन्सचा अंतिम सामना ५९-० असा जिंकला होता. बिग ट्वेल्व्हने २०१७ पासून पुन्हा अंतिम सामना सुरू केला त्यामागे ही जखम होती. आयव्ही लीगही २०२५ पासून आपल्या स्तरावरच्या प्लेऑफमध्ये उतरली, त्यामुळे विजेतेपद वाटलं तरी कोणाला पाठवायचं हे तिलाही ठरवावं लागतं.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: ड्यूक नियमाने विजेता आहे, पण दुसऱ्या जागेसाठी पाच संघांतून निवड करायला लागणारी माहिती वेळापत्रकाने पुरवलीच नव्हती. आणि सगळे सगळ्यांशी खेळले तरी वर्तुळ पडू शकतं. मग नियमाकडून अपेक्षा तरी काय ठेवायची? माझी पहिली अपेक्षा आहे की तो आधी लिहिलेला असावा.

हे मी स्वतः चूक करून शिकले. कामाच्या सुरुवातीच्या काळात एका हौशी क्रिकेट लीगचं वेळापत्रक मी केलं. ११ संघ, प्रत्येकी ८ सामने. वेळापत्रक व्यवस्थित होतं, पण बरोबरीचा नियम मी लिहिला नाही, कारण कोणी मागितला नव्हता. हंगामाच्या शेवटी दुसऱ्या जागेसाठी तीन संघ सारख्या गुणांवर आले. पाच जणांची समिती एका संध्याकाळी बसली, त्यातले दोघे त्याच तीन संघांपैकी दोघांचे सभासद. त्यांनी रनरेट धरायचं ठरवलं. नियम वाईट नव्हता. पण बाहेर राहिलेल्या संघाचा कर्णधार मला म्हणाला, "ताई, नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण तो काल जन्मला. आम्हाला माहीत असतं तर शेवटच्या सामन्यात चार षटकं राखून जिंकता येत होतं, आम्ही आरामात खेळलो." माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून पहिला चेंडू पडायच्या आधी सगळ्या कर्णधारांच्या सह्या नियमावर घेतल्याशिवाय मी वेळापत्रक देत नाही.

माझ्या गावात, म्हणजे कोलंबसमध्ये, याची सगळ्यात जुनी गोष्ट १९७३ ची. ओहायो स्टेट आणि मिशिगन दोघे अपराजित, शेवटचा सामना १०-१० असा बरोबरीत सुटला. बिग टेन कॉन्फरन्समधून तेव्हा एकच संघ हंगामाअखेरच्या 'रोझ बोल' या मानाच्या सामन्याला जायचा आणि बाकीच्यांना दुसरीकडे कुठेही खेळायची परवानगी नव्हती. निकाल लावला दहा विद्यापीठांच्या क्रीडा संचालकांच्या मतदानाने. मत ओहायो स्टेटला पडलं. मिशिगनचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू, डेनिस फ्रँकलिन याचं त्या सामन्यात कॉलरबोन मोडलं होतं, त्यामुळे मिशिगन दुबळा पडेल असा विचार झाला, असं सगळीकडे मानलं गेलं. ओहायो स्टेटने 'रोझ बोल' ४२-२१ असा जिंकला. एकही सामना न हरलेल्या मिशिगनच्या मुलांचा हंगाम मात्र एका मतदानावर संपला. मी ओहायो स्टेटच्या बाजूच्या गल्लीत राहते, तरी मला हे आजही पटत नाही.

२०२० मध्येही बिग टेनने हंगामाच्या मध्येच नियम बदलला. अंतिम सामन्यासाठी किमान सहा सामने खेळलेले हवेत असं ठरलं होतं. कोविडमुळे ओहायो स्टेटचे पाचच झाले. नियम जसाच्या तसा ठेवला असता तर इंडियाना गेला असता. कॉन्फरन्सने डिसेंबरमध्ये ती अट काढून टाकली. ओहायो स्टेटने इंडियानाला ४२-३५ असं हरवलं होतं, म्हणून निकाल म्हणून तो पटतो. पद्धत म्हणून पटत नाही. आधी जाहीर केलेला वाईट नियम आणि नंतर सुचलेला चांगला नियम यांतलं एक निवडायचं झालं तर मी पहिला निवडेन.

आता अंतिम सामन्याबद्दल. हा प्रकार मोठ्या कॉन्फरन्समध्ये १९९२ पासूनचा. एसईसीने १२ संघ करून दोन विभाग पाडले आणि दोन विभागविजेत्यांचा सामना ठेवला. अलाबामाने फ्लोरिडाला २८-२१ असं हरवून तो पहिला जिंकला. दोन विभागांची अट तेव्हा एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्याच नियमात होती. विभाग पद्धतीत वेळापत्रक पुष्कळसं नीट बसतं, कारण विभागातले सगळे एकमेकांशी खेळतात. दोन विभागांची ताकद सारखी नसली तर मात्र ती बिघडते. बिग टेनमध्ये २०१४ ते २०२३ या दहाही अंतिम सामन्यांत पूर्व विभागाचाच संघ जिंकला. २०१२ मध्ये ओहायो स्टेट आणि पेन स्टेट शिक्षेमुळे अपात्र होते, म्हणून कॉन्फरन्समध्ये ४ विजय, ४ पराभव असलेला विस्कॉन्सिन अंतिम सामन्याला गेला आणि नेब्रास्काला ७०-३१ हरवून विजेता झाला. मे २०२२ मध्ये एनसीएएने विभागांची सक्ती काढली आणि बहुतेक मोठ्या कॉन्फरन्सनी विभाग मोडले. वरच्या दोन संघांना भिडवायचं, हा हेतू चांगला होता. पण 'वरचे दोन' कोण हे ओळखायला जो सांगाडा लागतो तो विभागांबरोबर गेला आणि त्याच सुमाराला संघांची संख्या १६, १७, १८ वर गेली.

माझा स्वतःचा विचार असा आहे की हंगामाने ज्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, ते अंतिम सामन्याने द्यावं. २०२५ मध्ये व्हर्जिनियाने ड्यूकला १७ गुणांनी हरवलेलं होतं. व्हर्जिनिया आणि मायामी यांच्यात काय होईल हे कोणालाच माहीत नव्हतं. मी लिहिते त्या नियमांत म्हणून एक ओळ असते: आपसातले सामने आणि समान प्रतिस्पर्धी यांवर बरोबरी सुटली नाही, तर पहिल्या क्रमांकाच्या संघाशी जो अजून खेळलेला नाही त्याला आधी संधी. या ओळीने ड्यूक बाहेर गेला असता. याविरुद्धचं म्हणणंही खरं आहे. सगळ्यात कठीण प्रतिस्पर्धी ज्याच्या वाट्याला आला, त्यालाच तुम्ही त्याबद्दल मागे टाकताय. ड्यूकच्या खेळाडूच्या आईने मला हे विचारलं तर मी मान्य करेन की तिचं बरोबर आहे. तरीही मी माझ्या ओळीवर राहीन, कारण अंतिम सामन्यात आधीच हरलेला संघ जिंकला की हिशेब एक-एक असा सुटतो आणि प्रश्न तिथेच राहतो.

दुसरा उपाय लहान लीगमध्ये मी नेहमी करते: शेवटचा शनिवार रिकामा सोडायचा आणि तोवर न भेटलेल्या, पण गुणांनी जवळ असलेल्या संघांच्या जोड्या आयत्या वेळी लावायच्या. २०२० मध्ये बिग टेनने शेवटच्या आठवड्यासाठी असंच काहीसं ठरवलं होतं, पूर्व आणि पश्चिम विभागातले सारख्या क्रमांकाचे संघ समोरासमोर. नेहमीच्या वर्षात साठ-सत्तर हजार तिकिटं, हॉटेलं, विमानं आणि टीव्हीची वेळ आठवड्याभरात जमवणं महाकठीण. म्हणून उपाय सोपा आहे असं मी म्हणणार नाही. मात्र न्यायाच्या बाजूने पाहिलं तर याहून चांगला उपाय मला १९ वर्षांत सापडलेला नाही.

तुमच्या रूममेटचं एक म्हणणं मात्र मी खोडून काढेन. मायामी ड्यूकपेक्षा चांगला संघ होता, हे बहुतेक खरं आहे. प्लेऑफच्या समितीने मायामीला घेतलं आणि तो राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत जाऊन इंडियानाशी २७-२१ असा हरला. ड्यूकला घेतलंच नाही, कारण कॉन्फरन्स विजेत्यांसाठीच्या पाच जागांत तुलेन आणि जेम्स मॅडिसन या विद्यापीठांचे संघ त्याच्या वर ठरले. पण 'सर्वांत चांगला संघ' आणि 'विजेता' हे दोन वेगळे शब्द आहेत. २०२४ मध्ये ओहायो स्टेट आपल्या बिग टेनमध्ये चौथा आला, ऑरेगन, पेन स्टेट आणि इंडियाना यांच्या मागे, आणि त्याच हंगामाचं राष्ट्रीय विजेतेपद त्यानेच जिंकलं. म्हणून ऑरेगनचं बिग टेन विजेतेपद खोटं होत नाही. ऑरेगन ९ पैकी ९ सामने जिंकला आणि अंतिम सामनाही जिंकला. ड्यूकच्या मुलांनीही समोर आलेला सामना जादा वेळेत जिंकला. त्यांना ज्या दारातून आत घेतलं ते दार मला पटत नाही, पण आत गेल्यावर त्यांनी जे केलं ते पूर्णपणे त्यांचं आहे.

आता पुढे काय होईल तेही सांगते. २०२६ पासून एसईसी आणि एसीसी दोन्ही ९ सामन्यांकडे वळताहेत. एसईसीत १६ संघ आहेत: १२० जोड्यांपैकी ७२ सामने, म्हणजे ६० टक्के. आधी ६४ होते. सुधारणा आहे. पण एसीसीत १७ संघ. १७ गुणिले ९ म्हणजे १५३, आणि प्रत्येक सामन्यात दोन संघ असल्याने ही संख्या समच हवी. म्हणजे सगळ्या १७ संघांना ९ सामने देणं गणितानेच अशक्य आहे, दर वर्षी निदान एका संघाला ८ वर थांबावं लागणार. मग दोन पराभवांचे दोन संघ घ्या: ७-२ ची टक्केवारी ७७.८ आणि ६-२ ची ७५. ८ सामन्यांचा संघ काहीही न चुकता मागे पडला.

माझ्या ११ संघांच्या लीगमध्ये एका वर्षी प्रत्येकी ७ सामन्यांची मागणी आली, तेव्हा ७७ ची हीच अडचण उभी राहिली. आम्ही एका संघाला ६ सामने दिले आणि पहिल्या सामन्याआधी लिहून ठेवलं की फरक फक्त अर्ध्या सामन्याचा असेल तर दोन्ही संघ बरोबरीतच धरायचे आणि तिथून पुढचे निकष लावायचे. एसीसीच्या नव्या हंगामाची नियमावली हाती आली की तुम्ही दोघांनी आधी हे कलम शोधा, आणि मिळालं तर त्यात काय लिहिलंय ते मलाही कळवा.